खिळ्यावरची रोटी

१

त्या शुक्रवारी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. उजाडायच्या आधीपासून रांगेत उभी, पायांची बोटं बधिर, आणि एवढं करून हातात पडल्या दोन रोट्या. त्यांत पीठ किती आणि भुसा किती, हे विचारायची सोय नाही. तीन मजले चढून घरी येते, तर दार सताड उघडं.

"ओचा, कडी का नाही लावली?"

"दिवसाढवळ्या कसली कडी?" सासूबाई आतून म्हणाल्या. ओचा म्हणजे आई. त्यांना घरात, जिन्यात, अंगणात सगळे ओचाच म्हणायचे. "ऐनुद्दीन आला आणि त्याला दारात ताटकळावं लागलं तर?"

"त्याला दार वाजवता येतं."

"स्वतःच्या घराचं दार कोण वाजवतं, केलिन?"

केलिन म्हणजे सून. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मला नावाने हाक मारायची त्यांना गरज वाटली नव्हती. आणि हा कडीचा संवाद आम्ही चौदा महिने रोज करत होतो. यादवीच्या त्या दिवसांत अख्खं दुशान्बे शहर दारांना लोखंडी पत्रे ठोकून बसलं होतं. खालच्या मजल्यावरून बंदूकवाले टीव्ही, गालिचे आणि न्हाणीघरातला नळसुद्धा उपटून घेऊन गेले होते. आमच्या घराला मात्र कडी नाही, कारण मुलगा येणार.

ऐनुद्दीन माझा नवरा. शहरात ट्रॉलीबस चालवायचा. लढाई शहरात शिरली त्या डिसेंबरात घरातलं पीठ संपलं, म्हणून रश्तच्या खोऱ्यात मामाकडे निघाला. दोन दिवसांत एक पोतं घेऊन येतो म्हणाला. त्या दिवसांत रस्त्यात बसगाड्या थांबवून पासपोर्ट बघत आणि जन्मगाव पटलं नाही तर माणसाला खाली उतरवत. उतरवलेल्यांचं पुढे काय झालं ते विचारू नये. ओचांनी म्हणूनच त्याला दारात थांबवलं आणि ताजी रोटी पुढे केली.

लांब जाणाऱ्याने रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी घरच्यांनी भिंतीवर टांगून ठेवायची. तो परत येऊन ती संपवतो. एक माणूस, एक रोटी. तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मुलगा फौजेत गेला की आमच्यात सगळेच करतात. दोन दिवसांसाठी कशाला हे खूळ, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. ऐनुद्दीन हसला, त्याचा तुटका दात दिसला, आणि त्याने आईच्या समाधानासाठी कडेला चांगला मोठा चावा घेतला.

तेव्हापासून ती रोटी बैठकीच्या भिंतीवर, खिळ्याला, पांढऱ्या मलमलच्या पिशवीत. दर शुक्रवारी ओचा ती उतरवून स्वच्छ फडक्याने पुसायच्या. त्या शुक्रवारीही मी ओला कोट उतरवत कुरकुरत होते आणि त्या पुसत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला. रोटी त्यांनी खिडकीकडे धरली.

"केलिन, बघ."

चावा एक नव्हता. पहिल्याला लागून दुसरा होता.

"निघाला गं तो," ओचा म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "माझा ऐनुद्दीन तिकडून निघाला."

२

मी गणिताची शिक्षिका आहे. भाकडकथांना माझ्याकडे जागा नाही. घरात तीन माणसं, म्हणजे संशयित तीन.

पहिली निसो, माझी मुलगी. सात वर्षांची. तिचे पुढचे दोन्ही दुधाचे दात नोव्हेंबरात पडले होते आणि नवे जेमतेम डोकावत होते. मी तिला उजेडात उभी करून तोंड उघडायला लावलं.

"मी नाही खाल्ली," ती आधीच म्हणाली.

"कोण म्हणतंय तू खाल्लीस? आ कर."

"आ करायला लावतेस म्हणजे तेच म्हणतेस ना?"

पोरगी कुणावर गेली हे विचारायला नको. त्या तोंडाने ती रोटी चावली गेली नसती. ओचांच्या तोंडात एकूण चार दात, तेही एकमेकांना न भेटणारे. त्यांची रोटी मी चहात भिजवून देत होते. आणि उंदरांचं म्हणाल तर उंदरांनी आमची इमारत केव्हाच सोडली होती. त्यांना आमच्यापेक्षा अक्कल जास्त.

राहिले मी. भूक लागली की माणूस झोपेतही काहीबाही करतो, असं मी ऐकून होते. म्हणून ओचा शेजारी गेल्यावर खुर्चीवर चढून मी पिशवी काढली आणि रोटी कडेने चावून पाहिली. दात नुसता घसरला. चौदा महिन्यांची तंदूरची जाड रोटी, तिच्यावर खिळा ठोकला तर खिळा वाकेल.

दुसऱ्या चाव्याची कड मात्र बोटाला मऊ लागली. मऊ आणि किंचित ओली.

मी रोटी पिशवीत घातली, हात कोटाला पुसले आणि स्वतःशीच म्हटलं, भिंतीला ओल आली असेल. या इमारतीत ओल कुठे नाही?

३

रविवारी महकम आका आला. आका म्हणजे दादा. आमच्या इमारतीचा मुखत्यार, कारभार बघणारा. पूर्वी नळ गळला तरी सहा महिने तोंड न दाखवणारा हा माणूस मदतीचं पीठ यायला लागल्यापासून दारोदार हिंडत होता. काखेत वही आणि कानावर पेन्सिल.

"मुअल्लिमा," तो दारातूनच म्हणाला. शिक्षिकेला असंच म्हणतात. "उद्या गाडी येतेय. या लढाईत विधवा झालेल्यांच्या घरांना प्रत्येकी एक पोतं. पन्नास किलो."

"आणि शिक्षिकांच्या घरांना?"

"शिक्षिकांना पगार असतो."

"चार महिन्यांत दिसला नाही तो. तुम्हाला दिसला तर पाठवा इकडे."

तो खाली बघत हसला. वाईट माणूस नव्हता. नुसता कंटाळलेला होता, आम्ही सगळेच होतो तसा. "एक सही करायची. नवरा वारला एवढंच लिहायचं. कुणी तपासायला येत नाही. पहिल्या जिन्यातल्या सहा जणींनी केली. त्यातल्या दोघींचे नवरे मॉस्कोत बांधकामावर आहेत, रविवारी फोन करतात."

"माझा नवरा जिवंत आहे," आतून ओचा ओरडल्या. त्यांना म्हणायचं होतं, मुलगा. "त्याची रोटी भिंतीवर आहे! डोळे फुटले काय तुझे, महकम? पाळण्यात असल्यापासून ओळखते तुला, तेव्हाही असाच अपशकुनी रडायचास!"

महकम आकाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"उद्या दुपारपर्यंत," तो हळूच म्हणाला. "नंतर यादी बंद."

तो गेल्यावर मी ओचांशी भांडले. निसोच्या दंडाची हाडं दाखवली. म्हटलं, मुलाच्या नावावर एक रेघ ओढल्याने तो मरत नाही, पण पीठ नसलं तर नात मरेल. त्या म्हणाल्या, तो वाटेत आहे, वाटेतल्या माणसाला मेला म्हणायचं नसतं. बोलताना त्या भिंतीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. शेवटी मी हात टेकले आणि शेगडीत घालायला लाकडी जमिनीची आणखी एक फळी उचकटली. अर्धी खोली आम्ही अशीच जाळून बसलो होतो.

४

आता एक सांगायलाच हवं. ओचांना मी सांगितलं नाही आणि कधी सांगेन असंही वाटत नाही.

भिंतीवरची ती रोटी ऐनुद्दीनची नव्हतीच.

गेल्या वर्षी जानेवारीत निसोला न्यूमोनिया झाला. बाहेर संचारबंदी, दुकानं फोडलेली, घरात मूठभर साखर आणि चहाची पूड. तीन दिवस पोरीच्या पोटात काही नव्हतं. चौथ्या दिवशी ओचा डॉक्टर शोधायला गेल्या आणि मी खुर्चीवर चढले. ऐनुद्दीनची रोटी फोडली, गरम चहात भिजवली आणि घास घास करून पोरीला भरवली. तळाशी राहिलेला लगदा मी खाल्ला. लाज वाटली का? वाटली. पुन्हा केलं असतं का? त्याच दुपारी.

दोन दिवसांनी रांगेत रोटी मिळाली. तशीच गोल, मधोमध तसाच ठशाचा नक्षीदार खळगा. मी तिचा एक मोठा घास दातांनी तोडला आणि उरलेली पिशवीत घालणार, तेवढ्यात आठवलं. ऐनुद्दीनचा वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. ट्रॉलीबसच्या दोरीचा हिसका बसून तुटला होता. त्याने काहीही चावलं की तेवढ्या जागी एक बारीक उंचवटा राहायचा. ओचा दर शुक्रवारी त्या उंचवट्यावरून बोट फिरवायच्या.

म्हणून मी भाजी चिरायची सुरी घेतली आणि माझ्या चाव्यात तो उंचवटा कोरला. काम छान जमलं होतं. ओचांनी तेरा महिने त्या उंचवट्यावर बोट फिरवलं आणि त्यांना शंका आली नाही.

तर आता तुम्हीच सांगा. ज्या रोटीला माझ्या नवऱ्याने कधी हात लावला नाही, ती खायला तो कशाला येईल?

५

सोमवारी सकाळी ओचा निसोला घेऊन खालच्या अंगणात गेल्या. तिथे बायकांनी विटांचा सामाईक तंदूर बांधला होता आणि तो पेटलेला असला की भाजायला काही नसलं तरी शेकायला सगळ्या जमत. मी स्वयंपाकघरात जुनी पाठ्यपुस्तकं फाडून शेगडीत घालत होते. रसायनशास्त्र चांगलं जळतं, जाड पुठ्ठा असतो.

बैठकीतून चावल्याचा आवाज आला.

उगाच कुरकुर नव्हे. माणूस जेवताना येतो तसा. एक कडक तुकडा दातांनी मोडल्याचा, मग तोंड मिटून सावकाश चावण्याचा, मग गिळण्याचा. मधे थोडा थांबा. पुन्हा.

भीती नंतर वाटली. आधी राग आला. मला वाटलं, आलं कुणीतरी उघड्या दारातून आणि बसलंय खात. हजार वेळा सांगितलं म्हातारीला कडी लाव म्हणून! हातातला लोखंडी चिमटा घेऊन मी तरातरा बैठकीत गेले.

कुणी नव्हतं. बाहेरचं दार उघडंच होतं आणि जिना रिकामा. खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. भिंतीवरची पिशवी खिळ्याला हळूहळू हलत होती, आणि खिडकी बंद होती. मलमलवर खालच्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग होता.

पिशवी काढली. अर्धी रोटी गेली होती. चार चावे, पाच चावे, एकाला लागून एक, मधल्या नक्षीपर्यंत. जमिनीवर कण नाही, पिशवीत चुरा नाही. प्रत्येक चाव्यात तो बारीक उंचवटा. मी पट्टी आणून मोजला, कारण मला दुसरं काय येतं? सगळे सारखे, सगळे त्याच जागी.

मी उठून कडी लावली. पहिल्या दोन वेळा ती चुकली. मग आठवलं की मला अकरा वाजता शाळेत वर्ग आहे, आणि मी ती परत काढली.

६

आमच्या शाळेत खिडक्यांना काचांऐवजी प्लास्टिक होतं. मुलं कोट, टोप्या, हातमोजे घालून बसायची. बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. सहावीला आरशातली सममिती शिकवायची होती. आकृत्या काढायला वह्या नाहीत, म्हणून मी दोघींना समोरासमोर उभं केलं.

"शाहलो, समोर बघ. हिचा डावा हात तुझ्या कुठल्या बाजूला दिसतो?"

"उजव्या."

"बरोबर. आणि ही वळून तुझ्या जागी येऊन उभी राहिली, तुझ्यासारखंच तोंड करून, तर?"

"मग डावीकडेच की, मुअल्लिमा. त्यात काय?"

वर्ग हसला. मीही हसले असते. पण माझ्या हातात खडू होता आणि तो खडू मी सुरीसारखा धरला होता.

ऐनुद्दीनचा तुटका दात डावीकडचा. समोरून बघताना तो मला कायम माझ्या उजव्या हाताला दिसायचा. जेवताना, भांडताना, निरोप घेताना, सगळ्या वेळी उजव्या हाताला. म्हणून सुरी घेतली तेव्हा मी रोटीची चावलेली कड स्वतःकडे धरली आणि डोळे झाकून उंचवटा उजवीकडे कोरला. पण चावणारा माणूस रोटी स्वतःच्या तोंडाशी धरतो. त्याच्या चाव्यात उंचवटा डावीकडे पडायला हवा. ही चूक सहावीतल्या पोराने केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दर शुक्रवारी बोट फिरवूनही ओचांना ते कळलं नव्हतं. म्हातारीला उंचवटा लागला की पुरे होतं.

म्हणजे ते पाच चावे माझ्या नवऱ्याच्या दातांचे नव्हतेच. जगात कुणाच्याच तोंडात नसलेला एक दात मी सुरीने पाडला होता, आणि कुणीतरी त्याच दाताने खात होतं.

"मुअल्लिमा, पुढे?" शाहलोने विचारलं.

"पुढे काही नाही. घरी जा," मी म्हटलं.

७

एक वाजता यादी बंद होणार होती. मी आधी घरी गेले. डोक्यात एकच हिशेब होता. रोटी संपवली की माणूस घरी आला असं आमच्यात धरतात. ऐनुद्दीन जिवंत असेल, कुठल्या तरी छावणीत, नदीपलीकडे अफगाणिस्तानात, कुठेही, तर त्याची जागा या घरात त्या एका रोटीवर होती. खरी नाही तर नाही, पण ओचांनी तेरा महिने जिच्यापुढे दुवा मागितल्या ती हीच. ती दुसऱ्याने संपवली तर दुसराच घरी आला असं होणार. मग माझ्या नवऱ्याने यायचं कुठे?

रोटी जाळता येत नाही. फेकता येत नाही. रोटीचा तुकडा पायाखाली आला तर आम्ही उचलून कपाळाला लावणारी माणसं. उरला एकच मार्ग. पहिला चावा माझा होता, म्हणजे रोटी माझी. मीच ती संपवायची.

पिशवीतून काढली तेव्हा पाऊणहून जास्त गेलेली होती. जेमतेम एका घासाचा तुकडा उरला होता, मधल्या नक्षीचा. मी तो गरम पाण्यात टाकायला वाटी घेतली आणि मागून ओचा आल्या.

त्या किंचाळल्या नाहीत. किंचाळल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो अर्ध्याहून जास्त वाट चालून आलाय," त्या म्हणाल्या, "आणि तू त्याचा घास खातेस?"

"ओचा, हे चावे त्याचे नाहीत."

"मला माझ्या मुलाचा दात कळत नाही?"

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं सगळं, जानेवारी, न्यूमोनिया, चहात भिजवलेले घास, सुरी. पण त्या सत्तरीच्या बाईने तेरा महिने त्या उंचवट्यावर बोट फिरवून दिवस काढले होते. मी तुकडा त्यांच्या हातात दिला. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही. त्यांनी तो कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवून परत खिळ्याला टांगला.

"कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं.

"पीठ आणायला," मी म्हणाले.

खाली महकम आकाने वही पुढे केली. मला वाटलं, कागदावर मेलेल्याला घरात यायला कुणी सांगणार नाही. असला विचार एका गणिताच्या शिक्षिकेने केला, यावरून काय ते समजा. ऐनुद्दीन, वय सदतीस, मृत. सही केली. अक्षर माझं नेहमीसारखंच नीट आलं.

"खुदा त्याला जन्नत देवो," महकम आका सवयीने म्हणाला, आणि मग जीभ चावली.

८

पन्नास किलोचं पोतं तीन मजले चढवायला मला किती वेळ लागला कोण जाणे. एक पायरी, थांब. एक पायरी, थांब. घाम आणि शिव्या, दोन्ही चालू. दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा आवाज ऐकू आला. नळ सोडून कुणी हात धुतंय तसा. आमच्या इमारतीत नळाला जानेवारीपासून थेंब नव्हता.

आमचं दार उघडं होतं. उंबऱ्याशी बूट होते. मोठे, पुरुषाचे, चिखलाने भरलेले, नीट जोडीने ठेवलेले. फक्त उजवा डावीकडे होता आणि डावा उजवीकडे.

"केलिन!" ओचांचा आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता. "चहा टाक! लवकर! बघ कोण आलंय!"

निसो भिंतीला पाठ लावून उभी होती. मी तिला जवळ ओढली. ती माझ्या कोटात तोंड घालून म्हणाली, "आई, मला खाली महकम आकाकडे सोड ना."

"बाबा आलेत ना?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"मला सोड ना खाली."

भिंतीवरची पिशवी ओचांच्या हातात होती. पाण्याचा आवाज थांबला. न्हाणीघरातून तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. ऐनुद्दीनची उंची. ऐनुद्दीनचे खांदे, ऐनुद्दीनचा तपकिरी स्वेटर, कोपरावर मीच घातलेलं ठिगळ. ठिगळ कुठल्या कोपरावर होतं ते मी बघितलं नाही. मी फक्त तोंडाकडे बघत होते, आणि तोंड मिटलेलं होतं.

त्याने आधी पोत्याकडे पाहिलं.

"पीठ आणलंस?" त्याने विचारलं. आवाज त्याचाच होता, ओठ जेमतेम हलले.

"आणलं," मी म्हणाले.

"घे रे माझ्या राजा," ओचांनी शेवटचा तुकडा पुढे केला. "संपव. संपव म्हणजे मी मोकळी झाले."

मला ओरडायचं होतं. ओचा, देऊ नका, तो घास त्याचा नाही, तो ज्याचा आहे तो अजून यायचाय. मी तोंड उघडलंही. त्याच वेळी त्यानेही उघडलं, घास घ्यायला, आणि आईकडे बघून हसला. खिडकीचं सगळं ऊन त्याच्या दातांवर होतं. वरचा पुढचा दात अर्धा होता. त्याची कड सरळ होती, सुरीने कापल्यासारखी.

तो माझ्या डाव्या हाताला होता.

ओचा त्याच्यापासून वीतभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी त्या तोंडात पहिलं दूध घातलं होतं. दात तुटला तेव्हा त्यांनीच आठवडाभर मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावली होती. बोटाला कळलं नसेल, पण समोर हसणारं मुलाचं तोंड म्हातारीला कळत नाही असं होत नाही. मी बघत होते. त्यांचा हात हवेत थांबला. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी एकदा त्या दाताकडे पाहिलं, एकदा उघड्या दाराकडे, एकदा माझ्या पायाशी पडलेल्या पोत्याकडे.

मग त्यांनी तो तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला.

तो सावकाश चावत राहिला. तोच आवाज. गिळलं.

"बस, बाळा," ओचा म्हणाल्या. "दमला असशील. ही आता रोट्या करेल."

तो जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाशी बसला, त्याच्या नेहमीच्या जागेवर, मांडी घालून. मी पोत्याचा दोरा उसवला. परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, पाणी घातलं. तीन माणसांचं घेतलं होतं, मग आणखी एक ओंजळ घातली. निसो माझा कोट सोडायला तयार नव्हती, तिला तशीच घेऊन मी मळत राहिले.

मागून ओचांचा आवाज आला. अगदी हळू, जिन्यात ऐकू जाऊ नये असा.

"केलिन, दाराला कडी लाव."

पिठाच्या हातांनीच मी उठले आणि लावली.